नंदी स्टुडिओचं भिंग

मंजुश्रीने पितळी नळीची मागची कडी फिरवून काढली आणि भिंग खिडकीच्या उजेडात धरलं.

"हे आमचं नाही. तुम्ही काच बदललीत."

समोर बसलेल्या अनादी प्रामाणिकांनी नुसता चष्मा पुसला. बऊबाजारातल्या या दुकानात पन्नास वर्षं कॅमेऱ्यांची भिंगं साफ करत आलेला हा म्हातारा. आडनाव प्रामाणिक, पण तेवढ्यावर विसंबायला ती तयार नव्हती. असल्या जुन्या भिंगांना हल्ली परदेशी गिऱ्हाइकं मिळतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"काय बिघडलं, पोरी?"

तिने दोन फोटो टेबलावर टाकले. एक तिच्या वडिलांनी काढलेला. नवरीच्या चेहऱ्यावर दुधावरच्या सायीसारखा मऊ उजेड. दुसरा तिने परवा काढलेला, त्याच लाकडी पेटीकॅमेऱ्यावर, त्याच भिंगातून, तसल्याच वहीएवढ्या फिल्मवर. त्यात नवरीच्या गालावरचा मुरमाचा खड्डा न् खड्डा मोजून घ्यावा.

"नवरीची आई म्हणाली, असलेच फोटो काढायचे तर मोबाइल काय वाईट होता? लोक त्या मऊपणासाठी आमच्याकडे येतात, काका. तोच गेला तर स्टुडिओला कुलूप लावू?"

"काच तीच आहे."

"मग बाबांचा हात काय काचेत होता?"

म्हाताऱ्याने नजर भिंगाकडे वळवली. तिचा संशय आणखीच बळावला.

"मागची एक काच उलटी बसली होती," ते शेवटी म्हणाले. "या खेपेला साफ करताना मी सुलटी केली."

"बाबा उलटी बसवतील? काहीतरीच!"

"त्यांनी नाही गं, मी. ब्याऐंशी साली, साफ करताना. चूक ध्यानात आली तेव्हा सांगायलाच निघालो होतो, तर तुझे बाबाच दारात, हातात संदेश मिठाईचा डबा. 'अनादी, फोटो कसले मऊ येताहेत, काय जादू केलीस रे!' मग माझी जीभच उचलेना. आता मरायच्या आधी एकदा नीट करून ठेवावं म्हटलं."

मंजुश्रीला धड रागही येईना. बाबांच्या हाताचा गुण म्हणून जे ती जन्मभर मिरवत आली, ती या माणसाची चूक होती. तिला फार वाईट वाटलं. तिने परवाचा फोटो उचलला, पुन्हा एकदा पाहिला, पिशवीत कोंबला आणि भिंग त्यांच्याकडे सरकवलं.

"परत चुका."

प्रामाणिकांनी मान वर केली.

"आणि या खेपेला," स्टूल ओढून घेत ती म्हणाली, "मी समोर बसून बघणार."