कोण पुढं, कोण मागं

कडूबाईचं घोडं तिसऱ्या प्रश्नापाशी अडलं होतं.

पहिले दोन प्रश्न रोहिणीनंच भरून टाकले होते. हात कोणत्या वेळी चांगला चालतो? सकाळी. घाई असली की काम सुधारतं की बिघडतं? बिघडतं. तिसरा प्रश्न तिनं मोठ्यानं वाचला, 'तुमचं काम सर्वांत चांगलं कधी होतं? एकट्यानं की जोडीनं?' आणि पेन हातात धरून ती आईच्या तोंडाकडं बघत बसली.

"मागून," कडूबाई म्हणाली.

"मागून म्हंजी?"

"म्हंजी पुढं कुनीतरी असलं की. मी आपली मागं."

"आई, तसं लिवायला जागाच न्हाई. एकटी का जोडी, येवढंच हाय."

"मग ऱ्हाऊ दे मोकळं."

"मोकळं कसं ठिवायचं? मॅडमनी समदं भरून आनायला सांगितलंय ना?"

सांगितलं होतं खरं. कर्जतच्या बाजारपेठेमागं राजेश्वरी मॅडमचं भाकरी केंद्र होतं. सहा बाया आणि तीन शेगड्या. एकीनं थापायची, दुसरीनं भाजायची. भागिरथीआक्का थापायची आणि कडूबाई भाजायची, असं दीड वर्ष चाललं होतं. आक्कानं थापलेली भाकरी परातीतून उचलली जायची ती थेट कडूबाईच्या पसरलेल्या तळव्यावर. तिथून तवा, वरून पाण्याचा हात, मग जाळ. भाकरी टम्म फुगून दुरडीत पडेस्तोवर दुसरी तळव्यावर हजर. दोघी बोलायच्या सुनांबद्दल, पावसाबद्दल, शेजारच्या म्हशीबद्दल. भाकरीबद्दल एक शब्द कधी बोलावा लागला नाही.

मग मॅडम संगमनेरला कसल्याशा शिबिराला गेल्या आणि येताना हे कागद घेऊन आल्या. प्रत्येक माणसाची काम करायची एक जन्मजात रीत असते म्हणे. ती ज्याची त्यानं ओळखली की कामाला बरकत येते. नवी जागा घेतली होती, तिथं चार शेगड्या मांडल्या होत्या, चारी भिंतीकडं तोंड करून. आता एक बाई, एक शेगडी. मळायचं, थापायचं, भाजायचं, सगळं जिचं तिनं. सोमवारी परीक्षा. अर्ध्या तासात पंचवीस भाकरी काढणाऱ्या चौघी राहतील. दोघींना, मॅडम खाली बघत म्हणाल्या होत्या, दुसरं काही बघावं लागेल.

हे 'दुसरं काही' काय असतं ते कडूबाईच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याचं नाव कोणी काढत नव्हतं.

अकरा हंगाम ती आणि वाल्मिक ऊसतोडीला गेली होती. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत तसंच असायचं, वाल्मिक, एक कोयता. त्या एकात आपण नेमक्या कुठं बसतो, हे कडूबाईनं कधी विचारलं नाही. पुढं वाल्मिक बुडख्याशी वाकून तोडत जायचा, मागं ती पडलेला ऊस गोळा करून मोळी बांधत जायची. मग दोन वर्षांमागं वाल्मिकचा उजवा खांदा गेला. हात कानाच्या वर जाईना. आता तो घर बघत होता आणि दोन शेळ्या. भाकरी केंद्रातली जागा गेली तर दसऱ्यानंतर टोळीबरोबर जावं लागणार. आणि वाल्मिकला कोयता धरवत नाही, म्हणजे पुढं कडूबाई आणि मागं मोळ्या बांधायला रोहिणी.

रोहिणी यंदा दहावीला होती. तीच पोरगी समोर बसून विचारत होती, एकटी का जोडी.

कडूबाई म्हणाली, "आधी थापून बघते. मग लिवू."

रविवारी सकाळी तिनं अंगणात सगळं मांडलं. परात, ज्वारीचं पीठ, आधणाचं पाणी, दोन तवे. रोहिणीनं मोबाईलवर अर्धा तास लावला. कडूबाईनं पीठ मळलं, उंडा केला, परातीवर ठेवून थापायला लागली. हात तिचाच होता, घरी रोज हाच हात भाकरी करायचा, मग आज त्याला काय धाड भरली होती? भाकरी वाईट होत नव्हती. पण एक भाकरी उतरली की मधेच कसलं तरी खिंडार पडायचं. त्या खिंडारात ती उभी राहायची आणि मग दचकून पुढचा उंडा घ्यायची.

"सोळा," रोहिणी म्हणाली.

"आगं, तू बघत हुतीस म्हनून. बघाय लागलं की मला व्हत न्हाई. जा तिकडं."

रोहिणी गोठ्याकडं गेली. पंधरा.

"आता एकटीनं तर आनखीनच कमी झाल्या!"

"मग तुमी या हितं," कडूबाई वाल्मिककडं वळली. "समोर बसा आनि मोजा."

वाल्मिक समोर उकिडवा बसला, मन लावून मोजायला लागला. "तीन... चार... आगं जळंल, उलथ... पाच..."

"तुमी मोजताय का हाकताय?"

"तूच म्हनलीस ना मोजा!"

सतरा झाल्या. त्यातली एक जळकी. शेळीनं ती आनंदानं खाल्ली. त्या घरात सकाळपासून समाधान मिळालं ते तेवढ्या एका जिवाला.

कडूबाई परातीपुढं मटकन बसली. सकाळची वेळ होती, घाई नव्हती, एकटी झाली, माणसात झाली. कागदावर जे जे होतं ते सगळं करून बघितलं होतं. मग आपली रीत कंची? का आपल्याला रीतच नाही? अकरा वर्षं अर्धा कोयता होऊन राहिलं की माणसाची अर्धीच रीत उरते की काय? तिला काही उमजेना. हाताला लागलेलं पीठ ती नुसतीच चोळत राहिली.

"आई, हे बघ," रोहिणी मोबाईल घेऊन आली. तिनं दुसऱ्या खेपेला गोठ्याच्या कुडाआडून गुपचूप आईचं शूटिंग केलं होतं. "हितं बघ. भाकरी उतरली की तू काय करतीस."

तिघं त्या इवल्या पडद्यावर वाकली. पडद्यातली कडूबाई भाकरी दुरडीत टाकत होती. मग तिचा डावा तळवा आपोआप बाजूला पसरायचा. रिकामा. आणि मान जराशी पुढं व्हायची, काही ऐकू येतंय का बघावं तशी. मग दचकायची. प्रत्येक भाकरीला तेच. तळवा, मान, दचक.

वाल्मिक हसायला लागला. "आगं, ही तर माझी वाट बघती!"

"तुमची?"

"फडात असंच करायचीस. हात पसरून हुबी. ऊस पडला का, ऊस पडला का."

"मग तेच तर सांगते मी कवापासनं! मी मागली हाय. पुढं कुनी चाललं तर माझं चालतं. तुमी पुढं असायचा, म्हनून माझ्या मोळ्या व्हायच्या."

वाल्मिक हसायचा थांबला. "मी पुढं?"

"मग कोन? अकरा वर्सं तुमच्या मागं पळाले मी."

"येडी का खुळी तू?" तो डाव्या हातानं खांदा चोळायला लागला. "मी तुज्या पुढं पळत हुतो. मागं पाचट वाजायचं ना तुज्या पायाखाली, सळ्ळ सळ्ळ... त्ये जवळ आलं की मला वाटायचं, आली, आता ही रिकामी हुबी ऱ्हाईल. की मी हानायचो कोयता. तू माघारी पानी प्यायला गेलीस की माझा हात जड व्हायचा. टोळीत समदे म्हनायचे, वाल्मिकचा हात लई चालतो. माझा कुटला? तू मागनं हाकत हुतीस."

"मी हाकत हुते?"

"मग!"

"आन मला वाटायचं, तुमी वढताय."

अकरा वर्षं एका कोयत्यात राहिलेली दोन माणसं, आणि त्यातलं कोण कुणाला चालवत होतं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. कडूबाईला वाटलं होतं, गाठ सुटेल. ती आणखी आवळली. तो माझ्यामुळं आणि मी त्याच्यामुळं, तर मग पहिलं पाऊल कुणी टाकलं होतं?

"म्हंजी जोडीनं लिवू?" रोहिणीनं विचारलं.

"लिवू नको," कडूबाई एकदम म्हणाली. ती का म्हणाली ते तिला नीट सांगता आलं नसतं. जोडी म्हटलं की तिला मुकादमाची ती वही दिसायची, एका नावाची.

सोमवारी नव्या जागेत एकेकीला आत घेतलं. बाकीच्या बाहेर पायरीवर बसून राहिल्या. सविता आत गेली, सव्वीस काढून बाहेर आली आणि पाण्याचा तांब्या घटाघटा प्याली. आणखी तिघी गेल्या. दोघींच्या पंचवीस झाल्या, एकीच्या चोवीस. मग भागिरथीआक्का. आक्काची कुणालाच काळजी नव्हती. तीस वर्षं थापणारा हात तो.

आक्का बाहेर आली ती तोंड पाडून. "एकवीस."

"काय म्हनतीस आक्का?"

"काय झालं कळंना बघ. समोर नुसती भित्ताड. हातच उचलंना. भाकरी थापायची आन आपनच तव्यावर टाकायची... कुनी मागत न्हाई, कुनाची घाई न्हाई. लग्नघरात समदे जेवून गेल्यावर एकटीच भाकरी थापत बसल्यावानी वाटलं."

कडूबाई आत गेली. भिंत, शेगडी, घड्याळ. मॅडम कोपऱ्यात कागद घेऊन बसलेल्या. तिनं मनाशी ठरवून डावा तळवा पदराला पुसला, पसरायचा नाही म्हणून. तरी पसरला. अठरा झाल्या.

"कडूबाई," मॅडम हळू म्हणाल्या, "तुम्ही तो तिसरा प्रश्नसुद्धा कोरा ठेवलाय."

कडूबाईच्या डोळ्यांपुढं रोहिणी आली, फडात, पाचटात, दप्तराऐवजी डोक्यावर मोळी घेऊन. ती म्हणाली, "मॅडम, एकदा मला आन आक्काला संगट करू द्या."

"जोडीनं नाही करता येणार हो. इथं एक बाई, एक शेगडी."

"एक बाई, एक शेगडीच. ती तिचं करंल, मी माझं. फकस्त माझी शेगडी भित्तीकडनं फिरवा. मला आक्काच्या पाठीमागं हुबं ऱ्हाऊ द्या."

"त्यानं काय होणार?"

"त्ये मलाबी कळंना. पर एकदा करू द्या."

मॅडमनी कागदाकडं बघितलं, मग गॅसच्या नळीकडं. नळी पुरत होती.

शेगडी फिरवली. पुढं आक्का भिंतीकडं तोंड करून, मागं दोन हातांवर कडूबाई. दोघींचं पीठ वेगळं, परात वेगळी, दुरडी वेगळी. मॅडमनी घड्याळ लावलं.

पहिल्या दोन भाकरी तशाच रडतखडत झाल्या. मग आक्काच्या परातीवरची थाप कडूबाईच्या कानात शिरली, थप थप थप, आणि तिचा हात त्या थापेच्या मधल्या जागेत पडायला लागला. भाकरी उतरली. डावा तळवा पसरायच्या आधीच त्यात उंडा होता. तिच्या तव्यावर चर्र झालं, तशी पुढं आक्काची पाठ जराशी ताठ झाली आणि थाप वाढली. आक्काची वाढली म्हणून कडूबाईची वाढली. का कडूबाईची वाढली म्हणून आक्काची? कडूबाईच्या ओठांवर आपसूक काहीतरी यायला लागलं, आत्ताच जुळत असलेलं.

फडामंदी बाई माझ्या पाचट वाजं सळंसळं,
कोन पुढं, कोन मागं, माझ्या जिवाला न्हाई कळं...

"मोठ्यानं म्हन की," आक्का मागं न बघता म्हणाली.

"गप थाप."

"तूच गप भाज."

घड्याळ वाजलं तेव्हा आक्काच्या दुरडीत सत्तावीस होत्या आणि कडूबाईच्या पंचवीस. सव्विसावी तव्यावर होती, ती तिनं मॅडमच्या हातावर ठेवली. मॅडमनी ती एका हातावरून दुसऱ्या हातावर नाचवली आणि कडूबाईला विचारलं,

"मला एक सांगा. आक्का पुढं होत्या म्हणून तुमच्या झाल्या, की तुम्ही मागं होता म्हणून त्यांच्या झाल्या?"

"आमच्या घरातबी कालपास्नं ह्येच चाललंय," कडूबाई म्हणाली.

मॅडमनी कपाळाला हात लावला. शिबिरात एवढं सांगितलं नव्हतं. पण चार जागा होत्या आणि पंचवीस काढणाऱ्या आता पाचजणी होत्या. चोवीसवाली बिचारी तर पदरात तोंड घालून बसली होती. मॅडमनी कागद बाजूला ठेवला. शेवटी म्हणाल्या, "गॅसची नळी फिरवता येते, तर शेगड्याच वाढवते. सहाही समोरासमोर मांडू. भिंतीला तोंड कुणाचंच नको." मग वहीत नावं लिहायला घेतली. "भागिरथी आणि कडूबाई, एका ओळीत लिहू ना?"

"नगं," कडूबाई म्हणाली. आवाज तिला वाटलं त्याहून मोठा निघाला. "माझी येगळी वळ. तिच्या खाली लिवा न्हाईतर वर. पर येगळी."

मॅडमनी वेगळ्या ओळीत लिहिलं. कडूबाईनं वाकून आपलं नाव बघितलं. चौथीपर्यंतची अक्षरओळख तेवढी पुरली.

संध्याकाळी वाल्मिकनं शेळ्या बांधल्या. रोहिणीनं तो कागद पुन्हा काढला. मॅडमनी परत पाठवला होता, तिसरा प्रश्न भरून आणा म्हणून.

"आता तरी सांग. एकटी का जोडी?"

कडूबाईला सोबत पाहिजे हे खरं होतं. नाव वेगळं पाहिजे हेही खरं होतं. दोन्ही खरं असलं की चौकटीत खूण कुठं करायची?

"दे हिकडं, मीच लिवते. तू तुजा अभ्यास कर."

रोहिणी वही घेऊन आत निघाली.

"आत कुटं चाललीस? हितंच बस की."

रोहिणी बसली. तिचं पेन कागदावर खरखर चालायला लागलं. थांबलं, पुन्हा चाललं. कडूबाई पेन धरून बराच वेळ नुसती ऐकत राहिली. मग तिनं खाली मान घातली आणि दोन्ही चौकटींच्या खाली उरलेल्या कोऱ्या कडेला, एकेक अक्षर जुळवत, ते दोन्ही खरं लिहायला सुरुवात केली.

लेकीनं मान वर करून बघितलं, आणि तिचंही पेन जरा भराभर चालायला लागलं.