गहू दळून मिळणार नाही

"गोदावरीबाई, खरं सांगा. अधूनमधून चपाती होते ना?" डॉ. आभांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि चष्मा काढला.

"नाय."

"चहाबरोबर एखादं बिस्कीट?"

"नाय म्हटलं ना म्याडम. आठ महिने झाले. पाव नाय, शेव नाय, रव्याचा लाडू नाय. दिराच्या पोरीच्या हळदीला घरून भाकरीचा डबा नेला, सगळा गाव हसला. हिंगसुद्धा सोडला, त्यात कणीक असते असं तुमीच सांगितलंत म्हणून."

"मग हा अँटिबॉडीचा आकडा खूप खाली यायला हवा होता. पहिल्या वेळी दोनशे दहा होता, आज एकशे नव्वद आहे. रक्त खोटं बोलत नाही, गोदावरीबाई."

"म्हणजे मी बोलते."

डॉक्टर "तसं नाही हो" म्हणाल्या, पण त्यांचा हात पुढच्या पेशंटच्या फायलीकडे गेला होता. गोदूने पिशवी उचलली आणि नमस्कार न करता बाहेर पडली. एक्कावन्न वर्षांत तिला चोरून खाणारी कुणी म्हटलं नव्हतं.

दोन वर्षं तिचं पोट वाहत होतं. वजन सोळा किलोने उतरलं, रक्त सातवर आलं, लोहाची इंजेक्शनं घेऊनही ते वर सरकेना. कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं दगदग. शेवटी आभा म्याडमनी रक्ताची वेगळी तपासणी केली, घशातून नळी घालून आतड्याचा कण काढला आणि नाव सांगितलं : सीलिॲक. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यावर चाल करून जातं. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आतड्याला आतून बारीक लव असते, तुमची झिजून सपाट झाली आहे. गहू पूर्ण बंद केला की ती पुन्हा उगवते.

गोदूला ते लगेच कळलं होतं. चक्कीच्या दगडावर कोरलेले टाके झिजले की दाणा तसाच सरकतो, पीठ पडत नाही. हे ती मनात म्हणाली, बोलली नाही. डॉक्टरांना चक्कीतलं काय कळणार?

खांदा कॉलनीतली गोदूची गिरणी बावीस वर्षांची. सासऱ्यांनी गाळा घेऊन दोन चक्क्या बसवल्या आणि सहा महिन्यांत अंथरूण धरलं. नवरा जगन न्हावा शेवा बंदरात ट्रेलरवर ड्रायव्हर, त्याला पिठाचा कंटाळा. मग गोदू उभी राहिली. दगडाला टाके घालायला बाकीच्या गिरण्यांत कारागीर येई. ती स्वतः दगड उतरवून मांडी घालून बसे आणि हातोडी-छिन्नीने एकेक रेघ जिवंत करी. सुरुवातीला लोक बघायला थांबत. नंतर लांबून, पार खारघरहून डबे येऊ लागले.

एक चक्की गव्हाची, दुसरी तांदूळ, ज्वारी, डाळींची. "गव्हावरच गहू दळा हां, ताई," असं बायका बजावत आणि गोदू मान डोलवी. फक्त रविवारी रांग रस्त्यावर गेली की गहू दोन्हींवर पडे. मग पुढचा तांदूळ टाकण्याआधी ती मूठभर तांदूळ फिरवून ते पीठ बाजूला काढी. सासऱ्यांनी असंच शिकवलं होतं. मूठभर फिरवलं की दगड चोख.

त्या संध्याकाळी जगन गिरणीत कटिंग चहा घेऊन आला तेव्हा ती रिकामे डबे आपटत होती.

"काय म्हणाली डॉक्टरीण? पोलिसात देते का तुला?"

"द्यायची ती देईल."

"एवढं काय मनाला लावतेस? एखाद वेळी खाल्लं असशील, आठवत नसेल."

"तुमीपण?" गोदूने त्याच्याकडे असं पाहिलं की तो ग्लास घेऊन भिंतीकडे सरकला. मग तिला हसवायला त्याने जुना खेळ काढला. गिरणीच्या नव्यात तो मित्रांना घेऊन येई आणि पैज लावी : माझी बायको डोळे मिटून सांगते चक्कीत काय पडलंय.

"मिट डोळे. सांग बघू, आता मी वर काय टाकतोय?"

तिने रागातच डोळे मिटले. जीभ टाळ्याला लागली. "लोकवन. गेल्या वर्षीचा."

"वा! अजून चुकत नाय." जगनने टाळी वाजवली.

गोदूने डोळे उघडले नाहीत. जिभेवर गव्हाचा तो गोडसर चिकट थर होता. घशापर्यंत होता. सकाळी आठला यायचा आणि रात्री गिरणी बंद करून चूळ भरेपर्यंत राहायचा. बावीस वर्षं तिने त्याच्यावर पैजा जिंकल्या होत्या.

"अवो," ती म्हणाली, "मी खाते."

"काय?"

"गहू. रोज खाते. दिवसभर."

दुसऱ्या दिवशी तिने नवा कोरा मास्क लावला आणि दुपारी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून थेट दवाखान्यात गेली. नंबर नव्हता, तरी आत शिरली. पिशवी उघडून मास्क टेबलावर उलटा ठेवला. आतली बाजू, नाकाच्या दोन्ही अंगांना, पिठाने पांढरी होती.

"म्याडम, मी खोटं नव्हते बोलले. आणि तुमचा आकडाबी खोटा नाय. माझी गिरणी हाय."

डॉ. आभांनी मास्क उलटसुलट करून पाहिला. मग त्यांनी गोदूची फाइल काढली. पहिल्या पानावर व्यवसायाच्या रकान्यात रिसेप्शनवरच्या मुलीने लिहिलं होतं, गृहिणी.

"तुम्ही काय काम करता, हे मी कधी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "माझी चूक झाली. आणि तुमच्यावर संशय घेतला, त्याची माफी मागते."

गोदूला अवघडल्यासारखं झालं. डॉक्टर माफी मागतात हे तिला नवीन होतं. "आता काय करायचं तेवढं सांगा."

"गिरणीत दुसरं कुणी उभं करता आलं तर बघा. नाहीतर बंद करावी लागेल."

घरी जगनने हिशेब करायच्या आधीच तोड काढली होती. "गाळा भाड्याने देऊ. मोबाईलवाला कधीपासून मागे लागलाय. तू आराम कर."

"आराम करून काय करू? तुमच्या ट्रेलरवर बसू?"

ती गिरणीत गेली. दोन्ही चक्क्या थंड होत्या. भाकरीचं तांदळाचं पीठ ती घरी वापरायची, तेही इथलंच होतं. तिने तांदळाच्या चक्कीचा वरचा दगड उतरवला. टाक्यांच्या रेघांत बोट फिरवलं. जुनं पीठ तिथे घट्ट बसलं होतं, छिन्नीने खरवडावं लागलं. तिने तो कण जिभेवर ठेवला आणि थुंकला. गहू. मूठभर तांदळाने काही धुतलं जात नव्हतं.

तेव्हा तिला नीता आठवली. सहा नंबरच्या सोसायटीतली. तीन वर्षांपूर्वी ती तांदूळ घेऊन यायची, प्रत्येक वेळी विचारायची : "ताई, दगड नीट साफ केलाय ना? माझ्या मुलीला गहू अजिबात चालत नाही." गोदू म्हणायची, "चोख हाय." मूठ फिरवायची. मनात म्हणायची, शिकलेल्या बायकांचे नखरे. दोन-तीन महिने येऊन नीता यायची थांबली.

खोटं नाही बोलले, असं ती दुपारीच डॉक्टरांना ठणकावून आली होती.

ती तडक सहा नंबरमध्ये गेली. नीताने दार उघडलं. मागे दहा-अकरा वर्षांची मुलगी गृहपाठ करत होती. गोदू उंबऱ्याच्या आत आली नाही. उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं, रविवारची रांग, ती मूठ, तो कण. काही वगळलं नाही.

नीता दार ओढून घेत बाहेर आली. मग हळू आवाजात म्हणाली, "त्या वेळी रियाचं पोट दोन महिने थांबत नव्हतं. तुमच्या पिठावर माझा संशयच गेला नाही. तुम्ही चोख म्हणाला होतात. मला वाटलं, आमच्या सासूबाई चोरून तिला बिस्कीट देतात. घरात काय काय बोलले मी त्यांना. त्या चिडून धाकट्या दिरांकडे बेलपाड्याला राहायला गेल्या. अजून तिथेच आहेत. त्याच सुमारास मी पाकिटातलं पीठ आणायला लागले आणि रिया बरी झाली, मला वाटलं सासूबाई गेल्या म्हणून."

गोदूने हात जोडले.

महिनाभर गिरणीला कुलूप होतं. गव्हाची चक्की पलीकडच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या सुभाषने नेली. ती टेम्पोत चढत असताना गोदू मागच्या मोरीत भांडी घासत राहिली, बाहेर आली नाही. मग तिने भिंती धुतल्या, वासे पुसले, पट्टा बदलला, तांदळाच्या चक्कीला नवे कोरे दगड आणले आणि त्यांना स्वतः टाके घातले. दारावर पाटी लावली : इथे गहू दळून मिळणार नाही. आणलेला गहू आत आणू नये.

"गिरणी आणि गहू नाही?" जुनं गिऱ्हाईक शशिकला पाटी वाचून म्हणाली. "उद्या म्हणशील न्हाव्याकडे कात्री नाही."

"हसा. पण पिशवी बाहेर ठेवा."

"अगं, नुसती टेकवली पायरीवर!"

"पायरी माझीच हाय."

शशिकला बडबडत सुभाषकडे गेली. पुष्कळजण गेले. पण नवीही काही माणसं येऊ लागली, कुणी नेरळहून, कुणी उरणहून, घट्ट झाकणांचे डबे घेऊन. ती दगडाकडे बघत, पाटी पुन्हा वाचत. एकदा एक बाप नुसताच उभा राहिला. "खरंच काहीच नाही ना?" एवढंच विचारत होता. गोदूने दगड उतरवून त्याला दाखवला. आता कुणीही विचारलं की ती हेच करी. शब्दावर कुणी विश्वास ठेवावा, असं ती म्हणत नसे.

पुढच्या रिपोर्टात आकडा साठवर आला. डॉ. आभांनी फाइल उघडून व्यवसायाच्या रकान्यातलं गृहिणी खोडलं आणि वर लिहिलं, गिरणीमालक. गोदूने ते उलट्या बाजूने वाचलं आणि पदर नीट केला.

दिवाळीच्या आधी एक म्हाताऱ्या बाई स्टीलचा डबा घेऊन आल्या. काठी दाराशी टेकवून त्यांनी पाटी मोठ्याने वाचली.

"तुम्हीच का गिरणीवाल्या? सूनबाईने पाठवलंय. रियासाठी."

गोदूने त्यांना बसायला स्टूल दिलं. "बेलपाड्याहून आलात?"

"छे. गेल्या महिन्यात परत आणलं मला. मायलेकी दोघी आल्या होत्या घ्यायला." त्यांनी डबा पुढे सरकवला. "एकसुद्धा बिस्कीट नव्हतं दिलं हो मी तिला."

"ठाऊक हाय, आजी."

गोदूने दगड उतरवला. आजींनी वाकून, चष्मा सरकवून, एकेक रेघ पाहिली. मग मान हलवली. गोदूने दगड पुन्हा चढवला, पण बटण दाबायला गेलेला तिचा हात थांबला. पलीकडच्या गल्लीतून सुभाषच्या चक्कीचा आवाज येत होता. तिचीच जुनी चक्की होती, आवाज ओळखीचा होता, फक्त आज जड, कुंथल्यासारखा येत होता.

"काय झालं?" आजींनी विचारलं.

"त्याचे टाके झिजलेत. त्याला अजून कळलं नाय."

ती क्षणभर ऐकत राहिली. मग बटण दाबलं, आजींचा तांदूळ वर ओतला, आणि पहिलं पीठ खाली पडलं तसं चिमूटभर जिभेवर ठेवून डोळे मिटले.