आईच्या नावाचा रकाना

शिवाजीनगर न्यायालयामागच्या गल्लीतील आपल्या लहानशा कचेरीत अ‍ॅडव्होकेट सुनीती परचुरे सकाळपासून एकच फाइल वाचत होत्या. फाइल फरीदून या हेरातच्या अफगाण तरुणाची होती. पाच वर्षांपूर्वी तो बी. कॉम. करण्यासाठी पुण्यात आला. त्यानंतर त्याच्या देशातील राजवट बदलली आणि आता त्याच्या निवासाच्या परवान्याची मुदत महिनाअखेरीस संपत होती. निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. दिल्लीतील संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाने निर्वासित म्हणून मान्यता दिली, तरच परत पाठवणी टळण्याची काही आशा. त्या कार्यालयातील त्याची मुलाखत बारा दिवसांवर आली होती.

अर्जाचा सारा भार एका कागदावर होता. फरीदूनची आई हेरातच्या कौटुंबिक न्यायालयात न्यायाधीश होती. बायकांच्या छळाबद्दल तिने ज्यांना शिक्षा दिल्या होत्या ते राजवट बदलल्यावर तुरुंगातून सुटले आणि घराच्या दारावर चिठ्ठी लागली : काझी हुमैरा आणि तिचे मुलगे, सापडतील तिथे मारा. त्या चिठ्ठीचे छायाचित्र आणि इंग्रजी भाषांतर सुनीतीबाईंनी नीट लावून ठेवले होते. आता फक्त एवढेच दाखवायचे होते, की फरीदून त्या बाईंचा मुलगा आहे.

तेच जमत नव्हते. त्याच्या देशाच्या जुन्या ओळखपत्रावर वडिलांचे आणि आजोबांचे नाव होते, आईचे नव्हते. पारपत्रावरही नव्हते. आईचे नाव होते ते एकाच कागदावर, पुण्याच्या गुणपत्रिकेवर. तिथे छापले होते : गुलबीबी.

समोर बसलेल्या फरीदूनपुढे त्यांनी ती गुणपत्रिका सरकवली.

"ह्या गुलबीबी कोण?"

त्याने पाहिले आणि मान खाली घातली. येरवड्याला सोजरबाईंच्या घरी तो पाच वर्षे भाड्याने राहत होता. त्याची मराठी त्यांच्याचकडून आलेली.

"कोनी न्हाई, मॅडम."

"कोणी नाही म्हणजे?"

"प्रवेशाच्या फॉर्मवर आईच्या नावाचा रकाना होता. आमच्याकडं आईचं नाव भायेर सांगत न्हाईत. शाळेत कुनाला आईचं नाव कळलं तर मारामारी व्हायची. इथं तर ते गुनपत्रिकेवर छापनार, समदे वाचनार. म्हनून मनाला आलं ते लिवलं."

सुनीतीबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. या महिन्यातील ही तिसरी अशी फाइल. आधीच्या दोन फाइलींत पुरावे मिळाले नव्हते. इथे पुरावा होता आणि तो विरुद्ध साक्ष देत होता.

त्यांचा कारकून मच्छिंद्र लोणी काळभोरहून रोज येत असे. बावीस वर्षांत त्याने हजारो प्रतिज्ञापत्रे टाइप केली होती. कोपऱ्यातल्या आपल्या टेबलावरूनच तो म्हणाला, "मॅडम, त्यात काय अवघड हाय? आपला नेहमीचा मसुदा हाय की. गुलबीबी ऊर्फ हुमैरा, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची. सातबाऱ्याला चालतं, बँकेला चालतं. पाच मिनिटांत देतो."

सुनीतीबाईंनी घड्याळाकडे पाहिले. मसुदा खरोखरच तयार होता. चार वाजले होते, उद्या सकाळी दोन तारखा होत्या आणि त्या दमल्या होत्या. एका 'ऊर्फ'ने फाइल बंद झाली असती.

"आणि मुलाखतीत त्यांनी विचारलं, आईला गुलबीबी कोण म्हणायचं? आजी, मावशी, शेजारीण? कुठल्या साली, कुठल्या घरात? तिथं अर्धा दिवस बारीकसारीक विचारतात, मच्छिंद्र. एक खोटं सापडलं की चिठ्ठीसुद्धा खोटी ठरते."

"मग गुनपत्रिका लावूच नका."

"पुण्यात शिकायला आलो म्हणायचं आणि शिकल्याचा कागद दाखवायचा नाही? छान. तुम्हीच घ्या ना वकीलपत्र."

मच्छिंद्र हसला आणि पुन्हा टाइप करू लागला.

त्या फरीदूनकडे वळल्या. "प्रतिज्ञापत्रात जे झालं ते तसंच लिहायचं. नाव खोटं होतं, ते तुम्ही लिहिलंत, आणि का लिहिलंत. खरं नावही लिहावं लागेल. कागद दिल्लीला गोपनीयच राहतील. पण इथं मच्छिंद्र तो टाइप करेल, नोटरी वाचेल. तेवढं मी टाळू शकत नाही."

"नावाचं मला एकट्याला ठरवता येनार न्हाई," तो म्हणाला. "ती अजून तिकडंच हाय. दर आठवड्याला घर बदलती."

"मग त्यांना विचारा."

तो फोन घेऊन बाहेरच्या गॅलरीत गेला. मच्छिंद्रने चहा मागवला, तो आला, निवला. दोनदा फोन लागला नाही. तिसऱ्यांदा लागला तेव्हा फरीदून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बोलत होती ती पलीकडचीच. तो फक्त ऐकत होता.

आत येऊन तो खुर्चीवर बसला.

"काय म्हणाल्या?"

"आधी चिडली. म्हनली, अकरा वर्षं प्रत्येक निकालाखाली मी माझ्या नावानं सही केली. मारनाऱ्यांनी ते दारावर लिवलं. लपवलं ते फकस्त तू." त्याने हातातला फोन उलटा ठेवला. "मग म्हनली, जेवलास का."

मच्छिंद्रचे टाइप करणे थांबले होते. त्याने संगणकावरचा अर्धा झालेला मसुदा पुसला आणि कोरे पान उघडले. "सांगा भाऊ. सावकाश सांगा. माझ्या आईचं नाव तर भावानं टेम्पोच्या काचेवर घातलंय, सोलापूर रस्त्यानं समदे वाचत्यात."

फरीदूनने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिले. मग सांगू लागला. गुलबीबीच्या परिच्छेदाशी तो दोनदा अडखळला. सुनीतीबाईंनी त्याचे एकही वाक्य सुंदर केले नाही, फक्त तारखा तपासल्या.

पाचच्या सुमारास ते न्यायालयाच्या आवारात नोटरीकडे गेले. आप्पासाहेब कुलकर्णी पंचाहत्तरीचे, कानाने अधू. त्यांच्या टेबलाभोवती घरभाड्याचे करार आणि वारसाचे अर्ज घेऊन दहाबारा माणसे उभी होती. आप्पासाहेबांनी मजकुरावरून बोट फिरवले आणि ते थांबले.

"इथं आईची दोन नावं दिसताहेत. खरं कुठलं?"

"खालचं," फरीदून म्हणाला.

"मोठ्यानं बोला हो. मी बहिरा आहे, कागद मुका आहे."

मागच्या रांगेतली दोन माणसे वळून पाहू लागली. सुनीतीबाईंच्या ओठांवर नाव आले होते. त्यांनी ते गिळले. हे त्यालाच म्हणावे लागणार होते, आज इथे आणि बारा दिवसांनी तिथे.

"हुमैरा," तो म्हणाला. आणि पुन्हा, आवाज चढवून, "माझ्या आईचं नाव हुमैरा हाय. न्यायाधीश हाय ती."

आप्पासाहेबांनी नोंदवहीत त्याची सही घेतली, शिक्का मारला आणि वर न पाहता कागद परत केला. "पुढचे कोण?"

रांग पुढे सरकली. फरीदून प्रतिज्ञापत्र दोन्ही हातांत धरून बाजूला उभा राहिला. शाईचा शिक्का ओला होता. तो वाळेपर्यंत त्याने कागद दुमडला नाही.

"आता?" त्याने विचारले.

"आता बारा दिवस," सुनीतीबाई म्हणाल्या. "तिथंही असंच सांगायचं. पहिल्यांदा विचारतील तेव्हाच, आणि मोठ्यानं."