आतल्या बाजूचा ओरखडा

खोलीचं तापमान.

बुरुलच्या तळहातावर दातावरच्या तुटलेल्या कॅपचे दोन तुकडे. समोर खुर्चीत शारबूबू आजी, पुढच्या दाताच्या जागी घासलेला खुंट. लोखंडी तेमिर कोमुझ दातांना टेकवून वाजवण्यात अख्ख्या ओश शहरात तिचा हात धरणारं कोणी नाही. ती जिथे वाजवणार, तो नूरूझचा सण नऊ दिवसांवर आलेला.

"तू पूड पातळ कालवली होतीस," डॉक्टर सागिनबेक म्हणाले. दवाखाना त्यांचा. बुरुल बावीस वर्षं त्यांच्याकडे सिरॅमिकचे दात घडवत होती. "या वर्षातली ही चौथी. उद्या नवी दे, भट्टी भरभर तापव. पाचवी तुटली तर दुसरीकडे काम बघ."

बुरुलने भिंगातून पाहिलं. तडा बाहेरून नव्हता. आतल्या एका ओरखड्यापासून निघाला होता.

"भट्टीला नखं नसतात, डॉक्टर. हे ड्रिलचं काम."

"म्हणजे माझं?"

"हो."

दोनशे अंश.

भट्टीच्या तोंडाशी नवी ओली कॅप आणि चाचणीसाठी त्याच पुडीच्या ओल्या चकत्या. घाई केली की आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि माल पोटातून फुटतो. डॉक्टर दोनदा दार उघडून गेले.

"झालं का?"

"भट्टी माझ्या वेळेने तापेल."

नऊशे वीस.

नाही, इथे सांगण्यासारखं काही नाही. बुरुल चहा प्यायली.

पुन्हा थंड.

दुसऱ्या दिवशी, आजी खुर्चीत, टेबलावर बारा चकत्या. एकच पूड, एकच भट्टी. सहा तिने डॉक्टरांपुढे सरकवल्या.

"कॅप बसत नाही तेव्हा करता, तसंच करा."

त्यांनी हसत हसत, पाणी न सोडता, सहांची एकेक बाजू ड्रिलने घासली. मग एकेक चकती स्क्रूच्या शिकंज्यात. त्यांची पहिली स्क्रूच्या तिसऱ्या फेऱ्याला फुटली. तिची न घासलेली सहाव्यालाही फुटेना.

"अगं बस कर, शिकंजा मोडशील!" आजी खुर्चीतून ओरडली.

"योगायोग," डॉक्टर म्हणाले.

"अजून पाच जोड्या आहेत. तुम्हीच फिरवा."

चौथ्या जोडीला त्यांनी स्क्रू सोडून दिला.

तरीही, नवी कॅप खुंटावर केसभर अडली तेव्हा त्यांचा हात सवयीने ड्रिलकडे गेलाच. बुरुलने कॅप मुठीत बंद केली.

"खुंट घासा. पाण्याची धार धरून. कॅपला हात लावायचा नाही."

"इथे मालक कोण?"

"खुर्ची तुमची, ड्रिल तुमचं. कॅप मी केली."

"सागिनबेक," आजी आ वासूनच म्हणाली, "तुझ्या बापाचे दुधाचे दात पडलेले मी पाहिलेत. घास मुकाट्यानं."

पाण्याची बारीक धार सुरू झाली. कॅप बसली. आजीने लगेच झग्यातून कोमुझ काढला, तर बुरुलने तिचं मनगट धरलं. सिमेंट धरायला हवा तेवढा सगळा वेळ तिने घड्याळाकडे बघत जाऊ दिला. डॉक्टर तीनदा खाकरले.

"आता वाजवा, आजी."

लोखंड दातांना टेकलं, आजीचं बोट फिरलं, आणि दवाखानाभर गुणगुण घुमू लागली. डॉक्टर दाताकडे बघत होते. बुरुल डॉक्टरांकडे.

सूर थांबला. दात जागच्या जागी.

"त्या आधीच्या तीन कॅपचे तुकडे बाहेर काढा," ती म्हणाली. "माझ्या नावावर घातलेत ते. भिंग इथेच आहे."