शिंपल्यांच्या टाळ्या

"वाजवली! बघा, वाजवली टाळी!"

धक्क्यावर एकच गलका झाला. टाकीतले मरगळलेले होताते, पंख्यासारखे ते मोठे शिंपले, फटाफट उघडमीट करत पाण्यात उड्या मारू लागले होते. इथल्या देवळात देवापुढे दोन टाळ्या वाजवतात ना, अगदी तशाच! बायाबापड्यांनी हात जोडले.

गेन्शूबुवांनी टोकाला पांढऱ्या पट्ट्या बांधलेली काठी पाण्यातून काढून आपल्या तीर्थाच्या घड्यात ठेवली. "देव जागा झालाय! समुद्रात सोडलेले शिंपल्यांचे दोर उद्या वर घ्या. सूर्यदेवीचं दर्शन झालं की रोग पळाला म्हणून समजा!"

संशोधन केंद्रात काम करणारी किनुए पुढे सरसावली. उन्हाने मुत्सूचं आखात वरून तापलं होतं. शिंपल्यांना गार, खोल पाणी हवं होतं, आणि हा माणूस त्यांना कढत पाण्यात आणायला सांगत होता. तिच्या दादाचे सगळे शिंपले त्या दोरांवर होते.

"दादा, वर घेतलेस तर एकही जगणार नाही."

"तुमचं संशोधन केंद्र म्हणतं, खाली सोडा आणि वाट बघा," तेत्सुहेई खेकसला. "वाट बघून गेल्या साली निम्मे मेले. बुवांनी डोळ्यांदेखत टाळ्या वाजवून घेतल्या!"

"मग टाळ्या वाजवणारे शिंपले दुपारपर्यंत का मरतात?"

"बाकीच्या शिंपल्यांचा रोग अंगावर घेऊन जातात बिचारे."

हे बुवांचंच वाक्य. दादाच्या तोंडून ते ऐकून तिला किळस आली. ती तरातरा पायऱ्या उतरली आणि धक्क्याच्या खांबाला चिकटलेला एक तारामासा उपटून घेऊन आली. बाजूच्या टाकीत ताजे शिंपले होते. तिने स्वच्छ पंचा त्यात बुडवला. काही झालं नाही. मग तोच पंचा तारामाशावर खसाखसा घासला आणि पुन्हा बुडवला.

फट, फट, फट!

"घ्या, मीपण बुवा झाले!" किनुए म्हणाली. "तारामासा शिंपल्याला खातो. त्याचा वास आला की शिंपला जीव घेऊन पळतो. आपण त्याच्या कानाला, म्हणजे कवचाच्या कडेच्या टोकाला, भोक पाडून दोराला टांगतो. टांगलेला कुठे पळणार? म्हणून त्याचं पळणं आपण कधी पाहिलंच नाही. केंद्रात आम्ही हाच वास देऊन त्याची ताकद तपासतो, पण एकदाच. मग त्याला आराम देतो. हा आजारी जिवांना दिवसातून तीनदा पळवतो आणि मेले की पुण्यवान म्हणतो!"

"नास्तिक पोरगी!" बुवा ओरडले.

"मग काठी धुऊन दाखवा की टाळ्या वाजवून."

"काठी बाटेल!"

तेत्सुहेई पुढे झाला. त्याने घडा हिसकावून फरशीवर पालथा केला. उदबत्तीच्या वासाच्या पाण्यातून तारामाशाचे चिरलेले, सडके तुकडे बदाबदा पडले. आत्ताच कपाळाला तीर्थ लावलेली एक आजी बाहीने कपाळ पुसतच राहिली. बुवा कधी सटकले, कुणी पाहिलंच नाही.

तेत्सुहेईने सकाळी टाळ्या वाजवलेल्या शिंपल्यांच्या टाकीत हात घातला. जिवंत शिंपला बोट लागताच मिटतो. त्याने एकाला बोट लावलं, दुसऱ्याला लावलं. सगळे उघडेच राहिले.

"दोर खालीच राहू देत," तो म्हणाला.

उरलेले शिंपले त्या उन्हाळ्यात सगळेच वाचले असं नाही. पण माणसांनी स्वतःच्या हातांनी ते मारले नाहीत. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: काठी धुतल्यावरही होतं का?