गाण्याआधी चिकटवलेला चुंबक

मला हातात घेतलेत तर वाटेल, पट्टा हरवलेल्या घड्याळाची ही डबी असावी. काटे नाहीत, आकडे नाहीत. पण मित्रांनो, सात वर्षे मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या छातीत, डाव्या खांद्याजवळ, कातडीखाली राहून चाकरी केली आहे.

माझा जन्म कारखान्यातला. टोप्या आणि हातमोजे घातलेल्या माणसांनी माझ्या पोटात बॅटरी बसवली, वर धातूचे कवच चढवले. पुढे डॉक्टरांनी माझी तार बाईंच्या मानेतल्या, मेंदूकडे जाणाऱ्या एका नसेभोवती गुंडाळली. दर पाच मिनिटांनी अर्धे मिनिट त्या नसेत विजेचे बारीक ठोके सोडायचे, एवढेच माझे काम. बाईंच्या आकडीपुढे औषधांनी हात टेकले होते. महिन्याला आठ-दहा वेळा त्या पडायच्या. वर्षभरात ते दोन-तीनवर आले. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. त्यात थोडे माझेही आले, असे मी समजून घेतले.

माझा दोष मात्र लपवत नाही. ते अर्धे मिनिट बाईंचा आवाज घोगरा व्हायचा. एरवी काय बिघडले असते? पण बाई संध्याकाळच्या प्रार्थनेत देवाची पदे गायच्या, तीही सगळ्यांच्या पुढे बसून. ऐन आळवणीत स्वर खरखरायचा.

"ताई, मध्येच गळ्यात बेडूक शिरतो का गं?" धाकटा भाऊ चिडवायचा. ताई हसायची; पण ते तिला लागायचे.

घरी दाराजवळच्या खिळ्याला एक चुंबक टांगलेला असे. आकडी येतेय असे वाटले की तो माझ्यावरून एकदा फिरवायचा, मी जादा ठोके देई. तोच माझ्यावर धरून ठेवला, तर काढेपर्यंत मी गप्प. "हे अगदी अडलं तरच, आणि थोडाच वेळ," असे परिचारिकेने बजावले होते.

मोठ्या प्रार्थनेचा दिवस जवळ आला. रोज सराव. बाईंनी चिकटपट्टीने चुंबक माझ्यावर बसवला. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग तासभर. पट्टी उपटताना कातडी सोलवटे, म्हणून पुढे काढलाच नाही. तीन दिवस त्यांचा आवाज धुतल्यासारखा निर्मळ लागला. लोक डोलले. देवाचे नाव इतके गोड माझ्या कानी कधी पडले नव्हते, आणि माझे हात मात्र बांधलेले.

चौथ्या दिवशी सकाळी इस्त्री करताना बाई कोसळल्या. इस्त्री मनगटावर पडली. भाऊ धावला. इस्त्री बाजूला सारून त्याने बहिणीला कुशीवर वळवले आणि खिळ्याकडे झेपावला. खिळा रिकामा.

"ताई, चुंबक कुठंय? कुठं ठेवलास गं?"

ती कुठली बोलायला? त्याने गळ्याजवळची बटणे सैल केली, तेव्हा पट्टी दिसली. त्याने ती ओढून काढली आणि चुंबक माझ्यावरून फिरवला. मी ठोके सोडले. आकडी दोन मिनिटांत ओसरली. दरवेळी ओसरेलच असे नाही. त्या दिवशी ओसरली.

दवाखान्यात मनगटाला पट्टी बांधता बांधता परिचारिका म्हणाली, "आवाजाचं आधी का नाही बोललात?"

"ज्याच्यामुळं उभी आहे, त्याच्याच कागाळ्या कशा करू? देवाला काय वाटेल?"

"देवाला कळलंच असेल हो. आम्हाला कसं कळणार?"

डॉक्टरांनी छातीवर एक उपकरण धरून माझे ठोके सौम्य केले. घोगरेपणा निम्मा झाला. उरलेल्याचे काय, हा प्रश्न होताच.

"तो आमच्यावर सोड," भाऊ म्हणाला.

मोठ्या प्रार्थनेला बाई गाऊ लागल्या. मी जागे झाले, स्वर खरखरला. बाईंनी शांतपणे ओठ मिटले. मागे बसलेल्या सगळ्यांनी ती ओळ उचलली. बाई पट्टी बांधलेल्या हाताने मांडीवर ताल धरून बसल्या आणि अर्ध्या मिनिटाने पुढच्या ओळीवर परत आल्या. ऐकणाऱ्यांना वाटले, चालच तशी बसवली आहे.

बॅटरी संपत आली तेव्हा माझ्या जागी नवे यंत्र बसले. मी आता तपासणीच्या खोलीत टेबलावर असते, नव्या रोग्यांना दाखवायला. मित्रांनो, तुमचा सांभाळ करणाऱ्याचेही काही खुपत असेल, तर ते मोकळेपणी सांगा. परवा बाई नव्या यंत्राच्या पहिल्या तपासणीला आल्या. परिचारिकेने खुर्ची पुढे केली, तर बसायच्या आधीच म्हणाल्या, "हे नवीन जरा जोरात आहे बरं का. आवाज बसतोय माझा."