ताटात मागची बाजू नसते

मी टेमघरच्या जाईबाईची बोरमाळ. स्वतःला बोरमाळ म्हणवून घ्यायची मला फार वर्षं लाज वाटली, म्हणून जरा हळूच बोलते.

१९८२च्या दसऱ्याला अनंता सोनाराने मला ओवलं, तेव्हा माझ्यात सोन्याचे मणी दोनच होते. बाकी सगळे पितळी, वरून मुलामा दिलेले. सोन्याचे पुढे, पितळी मागे अंबाड्याखाली, अशी त्याने युक्ती केली. पण दोन मणी झाकून झाकून किती झाकणार?

जाईबाई खाडीची कोळंबी घेऊन भिवंडीच्या बाजारात बसायची. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाकडून भवानी झाली की त्यातलं एक नाणं ती कपाळाला लावून वेगळ्या पिशवीत टाकायची. नवऱ्याने, रामदासने, एकदा ते विडीसाठी मागितलं, तर दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. दसऱ्याला ती पिशवी सोनाराकडे रिकामी व्हायची. माझा एखादा पितळी मणी निघायचा, सोन्याचा यायचा. चांगल्या वर्षी दोन. लेकीच्या, शैलाच्या, लग्नात पुरी सोन्याची माळ द्यायची, एवढाच तिचा हट्ट होता.

तोवर माझे हालच. लग्नाच्या मांडवात बायका आपापल्या माळा पदरावर काढून मिरवायच्या आणि आम्ही दोघी पदर घट्ट लपेटून बसायचो. घामाने पितळ हिरवं पडायचं, तिच्या मानेवर डाग उठायचा. मग चिंचेने मला घासताना तिचं तोंड एवढंसं व्हायचं.

मधे एका दसऱ्याला आम्ही सोनाराकडे गेलोच नाही. का, ते जाईबाईने कुणाला सांगितलं नाही.

म्हणून १९९७त अंबाडी गावचे पाहुणे शैलाच्या साखरपुड्याला आले, तेव्हा माझ्यात एक पितळी मणी उरलाच होता. द्यायचे दागिने ताटात मांडायची पद्धत. गळ्यात असते तर तो मणी मागे लपला असता. मुलाच्या आत्याने, बकुळाबाईने, मला उचललं, मणी चाचपले आणि नेमका तोच बोटांत चोळून नाकाशी धरला. पितळेचा वास बायकांना बरोबर कळतो.

"माळ खोटी हाय," ती म्हणाली.

पंधरा वर्षांची भवानी समोर पडलेली, आणि जाईबाईने चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली. मला ताटातून घरंगळून कुठेतरी जावंसं वाटलं.

साखरपुड्यात मुलीने बोलायचं नसतं. शैला बोलली. "आत्या, खोटा यकच मनी हाय. त्याचा पैसा माझ्या दहावीच्या क्लासला गेला. खोटं म्हनाचं आसल त मना म्हना."

मुलाच्या आईने, सीताबाईने, बकुळाबाईच्या हातून मला काढून घेतलं आणि शैलाच्या गळ्यात घातलं.

शैला आता दवाखान्यात ड्युटीला जाते. पहिल्या पगारात तो मणी सहज बदलता आला असता. तिने अनंताकडून तो पुढे मधोमध ओवून घेतला. मला आता त्याची लाज वाटत नाही.

जाईबाईला मात्र अजून वाटते. लेकीकडे आली की पाणी प्यायच्या आधी तिचा हात माझ्याकडे येतो आणि तो मणी फिरवत फिरवत शैलाच्या वेणीखाली नेऊन ठेवतो. आई गेली की शैला तो पुन्हा पुढे घेते.

जाईबाई, पुरे आता. राहू दे त्याला पुढे.